मंगळावरचा ‘मी’

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकात मंगळावर उतरलेल्या यंत्रगाडीची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. यंत्रगाडीच्या रचनेविषयी अधिकारवाणीने काही सांगण्याची प्रस्तुत लेखकाची पात्रता नाही आणि तसा येथे हेतूही नाही. तथापि या गाड्या ज्या ज्या वेळी त्या ग्रहावर उतरल्या त्या त्या वेळी पृथ्वीवर शब्दांचा लोंढा वाहिला. नियंत्रणकक्षात उच्चारलेली वाक्ये, वृत्तपत्रांचे मथळे, राज्यकर्त्यांची अभिनंदने, यंत्राच्या तोंडी घातलेली वचने आणि शेवटी त्या यंत्राच्या ‘मृत्यू’नंतर लिहिले गेलेले विलाप, हे सारे शब्दच आहेत. कोट्यवधी लोकांनी ते वाचले, ऐकले, एकमेकांना सांगितले. इतका मोठा वाचकवर्ग लाभलेल्या मजकुराकडे समीक्षेने पाठ फिरवावी हे काही बरे नव्हे.

यातील सर्वांत चांगला मजकूर कोणता, असे कोणी विचारले तर मी ६ ऑगस्ट २०१२ च्या थेट प्रक्षेपणाचे नाव घेईन. आपल्याकडे त्या दिवशी सोमवार होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे, जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या नियंत्रणकक्षात, रविवारची रात्र चालू होती. लंडनला ऑलिंपिक सामने रंगात आले होते. उसेन बोल्टने शंभर मीटरची शर्यत जिंकून जेमतेम काही तास झाले होते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मात्र रात्री दीड वाजता शेकडो माणसे मान वर करून एका भल्यामोठ्या पडद्याकडे पाहत उभी होती. पडद्यावर काय होते? निळे सदरे घातलेली, संगणकापुढे बसलेली माणसे. बस्स. मंगळ दिसत नव्हता, यान दिसत नव्हते. एका बरणीतून शेंगदाणे फिरवले जात होते. १९६४ सालच्या रेंजर मोहिमेपासून त्या कक्षात यशासाठी शेंगदाणे खाण्याचा प्रघात आहे म्हणतात. इतक्या शिकलेल्या माणसांचा हा शकुन पाहून मला तरी त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.

या प्रसंगातील नाट्य कशात होते ते नीट पाहावयास हवे. मंगळ त्या दिवशी इतका दूर होता की तेथून निघालेला रेडिओसंदेश येथे पोहोचण्यास जवळजवळ चौदा मिनिटे लागत होती. वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा अवधी सात मिनिटांचा. म्हणजे ‘यान वातावरणात शिरले’ ही वार्ता जेव्हा पासाडेनास आली तेव्हा ते यान उतरून सात मिनिटे झाली होती. सुमारे नऊशे किलो वजनाची ती गाडी एक तर चाकांवर उभी होती, नाही तर तिचे तुकडे झाले होते. निकाल लागलेला होता. तो फक्त ठाऊक नव्हता. ताशी सुमारे एकवीस हजार किलोमीटरचा वेग, मग उष्णतेची ढाल, मग सोळा मीटर व्यासाची हवाई छत्री, मग खाली आग ओकीत अधांतरी थांबणारा वाहक आणि त्याच्या पोटातून दोरांनी अलगद खाली सोडलेली गाडी, हा सगळा क्रम यंत्राने आपला आपण पार पाडावयाचा होता. पृथ्वीवरून कोणी हात लावू शकत नव्हते. नाटकात पुष्कळदा असे होते की प्रेक्षकाला सत्य कळलेले असते आणि पात्राला ते कळलेले नसते. येथे पात्र आणि प्रेक्षक दोघेही एकाच अज्ञानात बसलेले होते. हे फार विरळा आहे. लोक यंत्र पाहण्यासाठी जमले होते असे म्हणतात, ते मला पटत नाही. लोक वाट पाहणाऱ्या माणसांबरोबर वाट पाहण्यास जमले होते.

या प्रक्षेपणाचे निवेदन ॲलन चेन नावाच्या अभियंत्याकडे होते. त्यांच्या आवाजात चढउतार नव्हते. एकेक टप्पा आला की ते तो सांगत. विशेषण लावीत नसत. छत्री उघडली, वेग इतका, उंची इतकी. लेखकांनी ही शैली अभ्यासावी अशी आहे. आपल्या मराठीत भावनोत्कट प्रसंगी शब्दांची खैरात करण्याची जी खोड आहे तिच्यावर हा उतारा आहे. आणि मग ते वाक्य आले, ज्याचा आशय असा, की जमिनीला टेकल्याची खात्री झाली असून आपण मंगळावर सुखरूप आहोत. कक्षात एकच कल्लोळ झाला. माणसे रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली.

या वाक्याचा मी वर केलेला अनुवाद तपासून पाहावा. इंग्रजीत तेथे जो सर्वनामवाचक शब्द आहे त्याला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीने हा भेद ठेवलेला नाही. मराठीने ठेवला आहे, आणि त्यामुळे मराठी अनुवादकाला तेथे थांबून ठरवावे लागते. बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्यात धरतो की बाहेर ठेवतो? ‘आम्ही सुखरूप आहोत’ म्हटले तर त्या कक्षातील मंडळी बोलत आहेत आणि आपण बाहेरून ऐकत आहोत. ‘आपण सुखरूप आहोत’ म्हटले तर टाइम्स स्क्वेअरमधला उशिरापर्यंत जागणारा मनुष्य आणि वसईस सकाळी कामावर निघालेला मनुष्य, दोघेही आत आले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मंगळावर त्या क्षणी एकही मनुष्य नव्हता. सुखरूप असण्यानसण्याचा प्रश्न असलेली वस्तू एक गाडी होती. तरीही त्या अभियंत्याच्या तोंडून बहुवचनी प्रथमपुरुष बाहेर पडला. हे रचून आलेले वाटत नाही. आठ-दहा वर्षे एखाद्या कामात मन गुंतले की भाषा अशीच आपोआप वळते. मी ‘आपण’ निवडले, कारण प्रसंगाचा कल तिकडे होता. रात्री दीड वाजता रस्त्यावर उभे राहणाऱ्यांनी तो अर्थ आपल्या पायांनी ठरवला होता.

मात्र ‘आपण’चे ‘आम्ही’ व्हायला फार वेळ लागला नाही. त्याच रात्रीच्या वार्ताहर-परिषदेत राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान-सल्लागार जॉन होल्ड्रन यांनी अमेरिकी कल्पकतेचा मोटारीएवढा, एक टनाचा नमुना मंगळाच्या पृष्ठभागावर बसला असल्याचे ठणकावून सांगितले. अडीच अब्ज डॉलर खर्च करणाऱ्या सरकारला असे बोलावेच लागते, त्यात नवल नाही. आपणही वेगळे वागलो नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. ते उतरणारे यान नव्हते, पण पहिल्याच प्रयत्नात कक्षा गाठणे ही खरोखरच मोठी गोष्ट होती. त्या वेळी मराठी वृत्तपत्रांनी ‘मंगळस्वारी’ हा शब्द वापरला. शब्द कानाला गोड लागतो, पण ‘स्वारी’ राजाची असते, मुलूख मारण्यासाठी असते. आणि त्यानंतरचा आपला आनंद मुख्यतः स्वस्ताईचा होता. अमुक इंग्रजी चित्रपटापेक्षा कमी खर्च, रिक्षाच्या भाड्यापेक्षा कमी दर! ज्या गावाला पोहोचलो त्या गावाविषयी एक शब्द नाही, तिकीट किती पडले त्याचीच चर्चा.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हरन्स’ ही गाडी जेझेरो विवरात उतरली तेव्हा निवेदन स्वाती मोहन यांच्याकडे होते. यानाचा रोख सांभाळणाऱ्या मार्गदर्शन व नियंत्रण विभागाचे काम त्या पाहत होत्या. जन्म बंगळूरचा, पण वयाच्या पहिल्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच वाढल्या. आपल्या वृत्तपत्रांनी त्यांच्या कपाळावरच्या टिकलीला जेवढी जागा दिली तेवढी त्यांच्या कामाला दिली नाही. वास्तविक ते काम विलक्षण होते. उतरता उतरता खालच्या भूभागाची छायाचित्रे घ्यावयाची, जवळच्या नकाशाशी ती ताडून पाहावयाची आणि खडकाळ जागा टाळून वळावयाचे, ही युक्ती या गाडीने प्रथमच मंगळावर वापरली. एखाद्या मराठी संपादकाने टिकलीऐवजी हे दोन परिच्छेदांत समजावून सांगितले असते तर ‘आपली मुलगी’ या शब्दांना अधिक अर्थ आला असता.

तथापि माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे वाक्य. आशय असा, की पर्सिव्हरन्स मंगळाच्या पृष्ठभागावर सुखरूप आहे आणि पूर्वीच्या जीवसृष्टीच्या खुणा शोधण्यास सिद्ध आहे. कर्ता कोण, तर गाडी. ‘आपण’ नाही. २०१२ मध्ये जे वाक्य बहुवचनी प्रथमपुरुषी होते ते २०२१ मध्ये तृतीयपुरुषी झाले. आणि त्याच सुमारास ट्विटरवर त्या गाडीच्या नावाने जो संदेश प्रसृत झाला त्यात ती गाडी स्वतःच ‘मी मंगळावर सुखरूप आहे’ असे म्हणत होती.

हा ‘मी’ २०२१ मध्ये जन्मला असे नाही. २००८ साली ‘फीनिक्स’ नावाचे स्थिर यान मंगळाच्या उत्तर भागात उतरले, त्या वेळी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या वृत्तविभागाने त्याच्या नावाने ट्विटरवर लहान लहान संदेश देण्यास प्रारंभ केला. एका संदेशाला तेव्हा १४० अक्षरांची मर्यादा होती. ‘यानाने अमुक केले’ यापेक्षा ‘मी अमुक केले’ यात जागा वाचते, म्हणून प्रथमपुरुष घेतला गेला. वाङ्मयाच्या इतिहासात निवेदकाची निवड इतक्या काटकसरीच्या कारणाने क्वचितच झाली असेल! पण लोकांना तो आवाज आवडला. ‘क्युरिऑसिटी’ उतरली तेव्हा तिच्या तोंडी घातलेले वाक्य तर चक्क विजयोन्मत्त होते. गेल विवराला उद्देशून ‘मी तुझ्यात आले आहे’ अशा थाटाचे. चेन यांच्या संथ वाक्याशेजारी ते ठेवून पाहिले की दोन शैलींतला फरक कळतो.

(मराठीत हे आणखी अवघड होते. यंत्राला ‘मी’ म्हणू द्यावयाचे तर ते ‘उतरलो’ म्हणणार की ‘उतरले’? रोव्हर म्हटले की ‘तो’, गाडी म्हटली की ‘ती’, यान म्हटले की ‘ते’. आपले व्याकरण प्रथमपुरुषी क्रियापदातही लिंग विचारते. मी वर स्त्रीलिंग वापरले, कारण तेथील अभियंते या गाड्यांचा उल्लेख बहुधा ‘ती’ असाच करतात.)

येथे कोणी म्हणेल, की ही तर साधी चेतनगुणोक्ती झाली. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण चिकटवणे हा अलंकार आपण शाळेत शिकलो. त्यावर एवढे रागावण्याचे कारण काय? रागावण्याचे कारण नाहीच. वस्तूला नाव देणे, तिच्याशी बोलणे, तिची काळजी वाटणे हे माणसाच्या स्वभावातच आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या होड्यांना नावे असतात, पुष्कळदा संतांची. हंगामाच्या आरंभी त्यांना आशीर्वाद दिला जातो, कोणी तिला ‘पोर’ म्हणतो. मात्र त्या होडीच्या नावाने कोणी ‘मी आज अमुक इतके मासे आणले’ असे सांगत नाही. मासे तांडेलाने आणि खलाशांनी आणलेले असतात. नाव देणे निराळे आणि आवाज देणे निराळे. नावामुळे वस्तू आपल्या जवळ येते. आवाजामुळे मात्र वस्तूच्या मागे उभी असलेली माणसे नाहीशी होतात.

नावांच्या बाबतीत या मोहिमांनी दाखवलेली रसिकता खरोखर वाखाणण्याजोगी आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पहिल्या यशस्वी गाडीचे नाव ‘सोजर्नर’ होते. सुमारे साडेदहा किलोची, मध्यम आकाराच्या ट्रंकेएवढी ती गाडी सात दिवस चालेल अशी अपेक्षा होती. ती जवळजवळ बारा आठवडे चालली आणि तेवढ्या काळात एकंदर शंभरेक मीटर फिरली. नाव सुचवले होते कनेक्टिकट राज्यातील बारा वर्षांच्या एका मुलीने, निबंधस्पर्धेत. गुलामगिरीत जन्मलेल्या, पुढे मुक्त होऊन गुलामांच्या आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी गावोगाव बोलत हिंडलेल्या सोजर्नर ट्रूथ या बाईंचे ते नाव. तेही त्यांना जन्मतः मिळालेले नव्हते. १८४३ साली, पेंटेकॉस्टच्या दिवशी, जुने नाव टाकून त्यांनी ते घेतले होते. ‘सोजर्नर’ म्हणजे परक्या ठिकाणी तात्पुरता मुक्काम करणारा. आपल्या मराठी बायबलच्या वाचकांना ‘परके व प्रवासी’ हे शब्द ओळखीचे आहेत. परक्या भूमीवर पाऊल टाकणाऱ्या यंत्राला विजेत्याचे नाव न देता उपऱ्याचे नाव दिले गेले. ‘स्वारी’ या शब्दाच्या नेमके उलट असे हे नाव आहे.

२००४ च्या जानेवारीत उतरलेल्या ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या जोडगाड्यांची नावेही एका नऊ वर्षांच्या मुलीने दिली. ती सायबेरियात जन्मलेली, अनाथालयात वाढलेली आणि मग ॲरिझोनातील कुटुंबाने दत्तक घेतलेली होती. अनाथालयातल्या काळोखात आणि थंडीत आकाशाकडे पाहिल्याने बरे वाटायचे, असे तिने आपल्या छोट्या निबंधात लिहिले होते. हे नाव देणारे लहान मूल त्या यंत्राच्या जागी स्वतः उभे राहत नाही, यंत्राला आपल्या बाजूला उभे करते. मोठ्यांनी लिहिलेल्या ‘मी’पेक्षा ही समज अधिक पक्व आहे.

लोकांना मंगळ घरासारखा हवा असतो, हा या साऱ्या उत्साहामागचा एक धागा आहे. १९७६ च्या जुलैत ‘व्हायकिंग’ हे स्थिर यान मंगळावर उतरले आणि पहिले रंगीत छायाचित्र आले, तेव्हा त्यातील आकाश घाईघाईने निळसर दाखवले गेले. मग रंग तपासले, आणि आकाश गुलाबीसर आहे असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. जमलेल्या वार्ताहरांनी या दुरुस्तीचे हसत हसत का होईना, हुर्यो करून स्वागत केले. आकाश निळे नाही हे कोणालाच आवडले नव्हते.

असाच हट्ट ‘क्युरिऑसिटी’च्या वाढदिवसाच्या कथेत आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, उतरून एक वर्ष झाल्यानिमित्त, मातीचे नमुने हलवणाऱ्या उपकरणाच्या कंपनातून वाढदिवसाच्या गाण्याची चाल काढण्यात आली. तो एका दिवसाचा विनोद होता. पुढील वर्षांत तो पुन्हा केला गेला नाही, कारण त्यातून कोणते विज्ञान हाती लागणार? पण जगभर कथा पसरली ती अशी, की ती एकटी गाडी दरवर्षी त्या निर्जन ग्रहावर स्वतःसाठीच गाणे म्हणते. कथा म्हणून हिच्यात जीव आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती खरी करावयाची तर तिच्यातून माणसे वगळावी लागतात. ती चाल बसवणारे अभियंते आणि ती आज्ञा पाठवणारा हात जागेवर ठेवला तर गाडी एकटी राहत नाही, आणि गाडी एकटी राहिली नाही तर अश्रू येत नाहीत.

आता त्या प्रसिद्ध शेवटच्या शब्दांकडे येऊ. ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली गाडी चौदा वर्षांहून अधिक काळ चालली. पंचेचाळीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर तिने कापले. पृथ्वीबाहेरच्या भूमीवर कोणत्याही वाहनाने तोवर इतकी मजल मारलेली नव्हती. २०१८ च्या उन्हाळ्यात साऱ्या मंगळाला वेढणारे धुळीचे वादळ उठले. गाडी सूर्यप्रकाशावर चालणारी. १० जून २०१८ रोजी तिचा शेवटचा संदेश आला. त्यात वीज किती उरली याचा आकडा होता, आणि आकाश किती गढूळ झाले आहे याचा आकडा होता. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास एका अमेरिकी विज्ञान-वार्ताहराने शास्त्रज्ञांकडून ऐकलेल्या या माहितीचा भावार्थ सांगताना लिहिले की तिचा शेवटचा संदेश जवळजवळ असा होता, की माझी बॅटरी उतरली आहे आणि अंधारून येत आहे. त्याने ‘जवळजवळ’ म्हटले होते. पुढे ते वाक्य हातोहाती फिरले, सदऱ्यांवर छापले गेले, लोकांनी ते अंगावर गोंदवून घेतले. ‘जवळजवळ’ हा शब्द वाटेत गळून पडला.

प्रथम वाचले तेव्हा माझेही डोळे भरून आले, हे कबूल केले नाही तर पुढची टीका अप्रामाणिक ठरेल. वाक्य चांगलेच आहे. पहिला भाग यंत्राचा, दुसरा माणसाचा. बॅटरी उतरणे ही तांत्रिक गोष्ट आणि अंधारून येणे ही मरणाऱ्याची. या दोहोंना ‘आणि’ने जोडले आहे. पण मूळ आकडे पाहा. वादळापूर्वी जी गाडी दिवसाला सहाशेहून अधिक वॉट-तास वीज मिळवीत होती तिच्याजवळ त्या दिवशी बावीस उरली होती. आकाशाच्या गढूळपणाचे माप १०.८ होते, मंगळावर एवढे मोठे माप कधी नोंदलेच गेले नव्हते. भर दुपारची रात्र झाली होती. आणि तिने पाठवलेले एक छायाचित्र अर्धवटच पोहोचले. काळोख्या आकाशाचे ते चित्र, त्यावर ठिपके ठिपके, आणि खालचा भाग पूर्ण काळा, कारण तेथवर येईतो प्रक्षेपण तुटले. शोकगीत लिहावयाचे तर याहून अधिक काय हवे? हे चित्र कोणी रचलेले नाही. वीज संपली तेथे ते संपले. मला वाटते, वाचकांना बावीस आणि १०.८ या आकड्यांपर्यंत नेणे हे लेखकाचे काम होते. त्याऐवजी आकड्यांना रडके बोल देऊन त्यांची सुटका केली गेली. भावार्थ सांगणारा वार्ताहर यात दोषी नाही. भावार्थालाच मूळ संहिता मानणारे आपण वाचक दोषी आहोत.

खोट्या अवतरणाने कोणाचे काय बिघडले, असे विचारले जाईल. या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या पत्राने सुचवले. १९७० साली झांबियात काम करणाऱ्या सिस्टर मेरी जुकुंडा या धर्मभगिनीने नासाच्या मार्शल केंद्रातील शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टुलिंगर यांना पत्र लिहून विचारले होते, की पृथ्वीवर इतकी मुले उपाशी मरत असताना मंगळावर जाण्यासाठी एवढा पैसा खर्च करण्याचे तुम्ही मनात तरी कसे आणता? श्टुलिंगर यांनी ६ मे १९७० रोजी दिलेले दीर्घ उत्तर नासाने पुढे प्रसिद्ध केले, आणि ‘क्युरिऑसिटी’ उतरली त्या ऑगस्ट २०१२ मध्ये ते पुन्हा सर्वत्र वाचले गेले. उत्तर वाचनीय आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन उमरावाची गोष्ट त्यात आहे. गरिबांना दानधर्म करणारा हा उमराव भिंगे घासणाऱ्या एका माणसालाही पोसतो, लोक त्याला नावे ठेवतात, आणि त्या भिंगांतून पुढे सूक्ष्मदर्शक यंत्र येते. पत्रासोबत त्यांनी चंद्रापलीकडून घेतलेले पृथ्वीचे छायाचित्रही पाठवले होते.

या उत्तराने सिस्टरांचे समाधान व्हावे असे मला स्वतःला वाटत नाही. उमरावाच्या गोष्टीतील भिंगे पुढे उपयोगी पडली हे आपल्याला मागाहून कळले. प्रत्येक भिंगाचे तसे होतेच असे नाही. शिवाय उत्तर देणारा गृहस्थ युद्धकाळात जर्मन अग्निबाणांवर काम करून मग अमेरिकेत आलेला होता. शोध कोणत्या दिशेने वळू शकतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! त्याविषयी पत्रात एखादे वाक्य असते तर उमरावाच्या गोष्टीला वजन आले असते. पण त्या पत्राचा मोठा गुण असा, की ते लिहिले गेले. विचारणाऱ्या बाईला त्यांनी वेड्यात काढले नाही, तिच्या प्रश्नाविषयी आभार मानले आणि हिशेब देण्याचा प्रयत्न केला. प्रश्न एका माणसाने विचारला आणि दुसऱ्या माणसाने स्वतःच्या सहीने उत्तर दिले.

हा पत्रव्यवहार यंत्राच्या ‘मी’शी होऊ शकला नसता. ‘आम्ही’ला जाब विचारता येतो, सरकार आहे, संस्था आहे, अंदाजपत्रक आहे. ‘आपण’ला तर तो आपला आपणच विचारावा लागतो, आणि झांबियातील सिस्टर त्या ‘आपण’मध्ये धरल्या आहेत की नाहीत, हाही प्रश्न त्यातच येतो. पण बॅटरी उतरलेल्या, अंधारात एकट्या सापडलेल्या लहानग्या प्राण्याला कोण विचारणार, की बाई ग, तुझ्यावर किती खर्च झाला? असे विचारणे क्रूरपणाचे वाटेल. यंत्राला आवाज दिला की शंका घेणाराच निष्ठुर ठरतो. समर्थन करण्याचा हा फार सोपा मार्ग आहे. कोणी कपटाने तो योजला असे मला म्हणावयाचे नाही. आरंभी ते काटकसरीने झाले आणि पुढे लोकांच्या आवडीने वाढले. पण परिणाम व्हायचा तो झालाच. मी स्वतः या मोहिमांच्या बाजूचा आहे. त्यांवरचा खर्च मला समर्थनीय वाटतो. म्हणूनच ते समर्थन माणसांनी माणसांसारखे करावे अशी माझी अपेक्षा आहे.

जून २०१२ मध्ये, उतरण्याच्या आधी, या प्रयोगशाळेने ‘भीतीची सात मिनिटे’ अशा अर्थाच्या नावाचा पाचेक मिनिटांचा लघुपट काढला होता. त्यातले संगीत भडक आहे, हॉलिवूडच्या जाहिरातपटांची छाप उघड आहे. पण बोलतात ती माणसे. पाच लाख ओळींच्या संगणक-आज्ञावलीत काही चुकले तर सारे संपले, हे ती आपल्या तोंडाने सांगतात आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ती भीती दिसते. ‘आम्हांला भीती वाटते’ हे वाक्य कोणत्याही गाडीच्या नावाने प्रसृत झालेल्या वाक्यांपेक्षा मला मोलाचे वाटते, भडक संगीतासकट.

‘ऑपॉर्च्युनिटी’च्या बाबतीत हे सांगावयास हवे, की १० जूननंतर आठ महिने कोणी गप्प बसले नव्हते. एक हजाराहून अधिक वेळा तिला उठवण्याच्या आज्ञा धाडल्या गेल्या. पूर्वी या गाड्यांचा दिवस सुरू होताना नियंत्रणकक्षात एखादे गाणे लावण्याची पद्धत होती. या काळातही गाणी निवडली जात होती. १२ फेब्रुवारी २०१९ च्या रात्री शेवटची आज्ञा पाठवली गेली आणि बिली हॉलिडे या गायिकेचे एक जुने निरोपाचे गीत लावण्यात आले. संदेश मंगळापर्यंत जाऊन उत्तर येण्याइतका वेळ सारे जण थांबले. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वार्ताहरांना बोलावले आणि मोहीम संपल्याचे आपापल्या नावाने, आपापल्या आवाजात सांगितले.